जोडफेरी

ऑफिसात, धक्क्यावर, लाँचवर सगळे तिला ताईच म्हणायचे. मॅनेजर म्हणायचा, तिकीटखिडकीवरची बाई म्हणायची, तिच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला लाँचचा सुकाणूवालाही म्हणायचा. जिनं हक्कानं म्हणावं, त्या सख्ख्या धाकट्या बहिणीनं तेवढं सहा वर्षांत तिला एकदाही ताई म्हटलं नव्हतं.

ताईचं काम शहर दाखवण्याचं. सकाळी साडेनऊला नगरभवनाच्या पायऱ्यांशी मिटलेली पिवळी छत्री उंच धरून उभं राहायचं, जमलेल्यांची डोकी मोजायची आणि दोन तास त्यांना जुन्या भागातून हिंडवून आणायचं. छापखान्यांची गल्ली, घाऊक कापडबाजार, कोर्टाचा दगडी जिना, पुराच्या पाण्याची रेघ कोरलेली भिंत, आणि मग उतारावरून खाली नदीचा धक्का. तेवीस वर्षं हेच. सगळं इतकं तोंडपाठ, की बोलता बोलता ती घरी संपलेल्या वस्तूंची यादी मनात करायची आणि लोकांना पत्ता लागायचा नाही. कुठल्या वळणावर कोण फोटो काढत मागे रेंगाळणार, कोणत्या वाक्याला माणसं हसणार, हे तिला आधीच ठाऊक असे. हसू आलं की ती श्वास घ्यायला थांबायची. बस्स.

पूर्वी ती अशी नव्हती, असं जुने लोक सांगतात. पूर्वी म्हणजे आई अंथरुणाला खिळायच्या आधी. तेव्हा ती लोकांना गोष्टी रंगवून सांगायची, भलत्या गल्लीत घुसायची, अर्धा तास उशिरा धक्क्यावर पोचायची आणि वरून शिव्या खायची. मग आईचं डावं अंग गेलं. धाकटी लग्न होऊन चौदा तासांवरच्या गावाला गेलेली. ताईचं लग्न राहिलंच होतं, ते राहिलं. सात वर्षं सकाळी आईला पुसून, भरवून, कूस बदलून ती कामावर जायची आणि दुपारी परत येऊन तेच करायची. घाण्याच्या बैलाला निदान डोळ्यांवर झापड असते. हिला सगळं दिसत होतं, पण हळूहळू लागेनासं झालं. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं की ओठ आपल्याच तोंडावर असतो आणि आपला नसतो, तसं.

आई गेली ती मंगळवारी पहाटे. धाकटी पोचेपर्यंत रात्र झाली आणि दुसऱ्या दिवशी सगळे विधी पार पडले. धाकटीनं आकांत मांडला, दोन बायकांनी तिला दोन्ही बाजूंनी धरलं होतं. ताई दाराशी उभी राहून शेजाऱ्याला विचारत होती, की तुमच्या खुर्च्या आत्ता नेताय की संध्याकाळी. ते धाकटीनं ऐकलं.

"डोळ्यांत टिपूस नाही तुझ्या," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "तुला काही वाटतंय तरी का गं?"

ताईला तो प्रश्न खराच वाटला. कपाटात हात घालून चाचपावं तसं तिनं आत चाचपून पाहिलं. काही हाताला लागलं नाही.

"नाही," ती म्हणाली.

खरं बोलली, तेच नडलं. धाकटी त्याच संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. पत्र नाही, फोन नाही. ताईनंही केला नाही. रागानं म्हणाल तर तेही नाही. फोन करून बोलणार काय, हे तिला सुचायचं नाही, आणि न सुचता एक वर्ष गेलं, दोन गेली, चार गेली.

मग धाकटीच्या नवऱ्याची बदली ह्याच शहरात झाली. ते ताईला कळलं तिकीटखिडकीवरच्या बाईकडून. "लाँचवर माहिती सांगायला नवीन मॅडम आल्यात," ती म्हणाली, "आवाज अगदी तुमच्यासारखा हो, ताई. फक्त जरा गोड." ताई म्हणाली, "असेल." पुढे दीड वर्ष दोघी एकाच धक्क्याच्या दोन टोकांना कामाला होत्या. एक माणसं आणून सोडायची, दुसरी वेगळ्या तिकिटावर वेगळी माणसं घेऊन निघायची. नजरेला नजर भिडली तर दोघी नदीकडे बघायच्या. नदी तशी बघण्यासारखी होतीच.

हे सगळं मोडलं मॅनेजरनं. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. पायी फेरीला माणसं कमी पडत होती, लाँच अर्धी रिकामी जात होती. त्यानं दोन्ही एकत्र करून एकच तिकीट काढलं: दोन तास शहर, लगेच चाळीस मिनिटं नदी. त्याला नाव दिलं 'जोडफेरी'. आणि दोघींना समोरासमोर बसवून आनंदानं म्हणाला, "तुमचं दोघींचं छान जमेल बघा. आवाजसुद्धा बहिणी-बहिणींसारखे आहेत."

दोघी मूग गिळून बसल्या. बाहेर सुकाणूवाला होता. त्याला सगळं माहीत होतं, कारण त्याच्यापासून त्या धक्क्यावरचं काहीच लपत नसे. तो म्हणाला, "जमणारच. आधीपासूनच एकमेकींना पाण्यात बघतात. आता रोज बघतील."

नियम असा होता, की वीसच्या आसपास प्रवासी असतील तर लाँचवर कंपनीची दोन माणसं हवीत. त्यामुळे ताईला प्रवाशांबरोबर लाँचमध्ये चढावं लागे. ती सगळ्यात मागच्या बाकावर बसायची, बूट जरा सैल करायची आणि पुढे माईक हातात घेऊन उभ्या असलेल्या बहिणीचं चाळीस मिनिटं ऐकायची. चढताना दोघींत रोज एकच संवाद व्हायचा. ताई म्हणायची, "एकोणीस." धाकटी मोजून म्हणायची, "एकोणीस." कधी सतरा, कधी बावीस. त्यापलीकडे तोंडातून ब्र निघत नसे.

धाकटी सांगायची छान. लोखंडी पुलाखालून जाताना तिचा एक ठरलेला किस्सा होता. माईक जरा जवळ घेऊन ती म्हणायची, "लहानपणी शाळेत जाताना ह्या पुलावर मला भीती वाटायची. फळ्यांच्या फटींतून खाली पाणी दिसायचं ना. माझी आई माझा हात घट्ट धरायची आणि म्हणायची, खाली बघू नकोस, समोरच्या दिव्याच्या खांबाकडे बघ." लोक हळवे व्हायचे, वर पुलाकडे बघायचे. ताई मागे बसून बुटाची नाडी बांधायला घ्यायची. पाच महिने तिनं तो किस्सा रोज ऐकला.

आता तो दिवस. हवा ढगाळ आणि गार होती, हंगाम सरत आलेला. एकवीस माणसं. त्यांत एक म्हातारं जोडपं होतं. तो निवृत्त शिक्षक, गणिताचा. हे त्यानं न विचारताच सांगितलं. डोक्यावर लोकरी टोपी, हातात बारीक चौकोनांची वही. बायको ठेंगणी, चटपटीत, सगळ्यांच्या पुढे चालणारी. मास्तर मागे मागे, ताईच्या बरोबरीनं.

कोर्टाचा जिना चढून झाल्यावर ते धापा टाकत म्हणाले, "बाई, तुम्ही अठ्ठेचाळीस पायऱ्या म्हणालात. मी सत्तेचाळीस मोजल्या."

"पहिली फुटपाथच्या खाली गेलीय," ताई म्हणाली. "रस्ता उंच केला तेव्हा."

मास्तरांचा चेहरा उजळला. "मग तुमचं बरोबर." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. त्यांच्या ओठांचा रंग तिला जरा उतरलेला दिसला. ती म्हणाली, "बसता का थोडं?" ते म्हणाले, "ही बसू देईल तर ना," आणि बायकोकडे हनुवटी केली. ती तेव्हा पुराच्या रेघेशी उभी राहून आपली उंची मोजून बघत होती.

लाँचवर बायकोला खिडकीची जागा हवी होती, ती पुढे गेली. मास्तर मागे ताईशेजारी बसले. इथे हलतं कमी, म्हणाले. सुकाणूवाल्यानं इंजिन चालू केलं, लाँच धक्क्यापासून सुटली, धाकटी बोलू लागली. मास्तर मान डोलावत ऐकत होते. लोखंडी पूल आला. किस्सा झाला.

"ह्यांच्या आई शाळेत सोडायला यायच्या म्हणे," मास्तर हळू आवाजात म्हणाले.

"नाही," ताई म्हणाली. का म्हणाली ते तिला नंतरही सांगता आलं नाही.

"तुम्हांला काय माहीत?"

"माझीही आई तीच."

मास्तर आधी तिच्याकडे आणि मग पुढे उभ्या असलेल्या धाकटीकडे बघत राहिले. मग खांदे हलवून आवाज न करता हसले. "अस्सं! मग हात कोणी धरला होता?"

"मी. आईची सकाळची पाळी असायची. लाँड्रीत."

"मग चूक दुरुस्त करा की, बाई," ते म्हणाले. "मी पोरांना सांगायचो, चूक पहिल्या ओळीतच धरावी. पुढे नेली की सगळं गणित..." बोलणं अर्धं सोडून ते पाण्याकडे बघू लागले.

ताईनं जरा वेळानं विचारलं, "पाणी हवंय का?" उत्तर नाही. तिनं बघितलं. मास्तर बसलेलेच होते, वही मांडीवर, हनुवटी छातीवर टेकलेली. कोणीही म्हटलं असतं, डुलकी लागली. ताईनं मनगट हातात घेतलं, मग मानेशी बोटं लावली. सात वर्षं रोज पहाटे उठून आधी तेच करायची सवय होती तिला. एक मिनिटभरसुद्धा गोंधळ झाला नाही.

ती उठली, सुकाणूवाल्याच्या खांद्याला हात लावला आणि म्हणाली, "वळवा. वायरलेसवर सांगा, धक्क्यावर ॲम्ब्युलन्स. माणसाचं हृदय थांबलंय." परत येऊन तिनं मास्तरांना काखेत धरून खाली फळ्यांवर आडवं केलं, कोटाची बटणं काढली आणि छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून दाबायला लागली. कंपनीनं दर वर्षी शिकवलेलं होतं. ती मोठ्यानं आकडे म्हणू लागली, एक, दोन, तीन, चार.

एकच गलका उडाला. माणसं उठली, मागे यायला लागली, लाँच एका अंगाला झुकली. सुकाणूवाला ओरडला, "बसा! सगळे बसा, उलटेल!" कोणी ऐकेना. धाकटी माईक धरून पांढरीफटक उभी होती.

ताईनं मान वर न करता म्हटलं, "माईक बंद करू नकोस. बोलत राहा. त्यांना डाव्या काठाकडे बघायला लाव."

सहा वर्षांत आकड्यांपलीकडचं हे पहिलं वाक्य.

"काय बोलू?" धाकटीचा आवाज माईकमधूनच आला.

"रोजचं. उलटं. जे मागे गेलं ते परत येतंय ना."

आणि धाकटी बोलू लागली. आवाज थरथरत होता, पण बोलू लागली. "कृपया आपापल्या जागी बसा. डाव्या हाताला जुनं धान्याचं गोदाम. तीन मजली आहे. त्याच्या भिंती दोन हात जाड आहेत..." लोकांना काहीतरी करायला हवंच होतं. ते बसले आणि डावीकडे बघू लागले. एकवीसातली अठरा माणसं गोदामाकडे टक लावून बघत होती. त्यांच्या पाठीमागे ताई आकडे म्हणत होती, तीस झाले की वाकून श्वास देत होती, आणि पुन्हा एकपासून सुरू करत होती. कॅमेरावाला एक धिप्पाड प्रवासी येऊन गुडघ्यांवर बसला, म्हणाला, मला येतं. मग दोघं आळीपाळीनं करू लागले.

मास्तरांची बायको मागे आली होती. ती रडली नाही, ओरडली नाही. नवऱ्याच्या डोक्याशी बसली, टोपी काढून आपल्या मांडीवर ठेवली. ताई बरगड्यांपाशी दाबत होती, ते बघत एकदाच म्हणाली, "तिथं त्यांना गुदगुल्या होतात हो."

ताई म्हणाली, "बावीस, तेवीस, चोवीस."

धक्का यायला अकरा मिनिटं लागली. ॲम्ब्युलन्सची माणसं चढली, त्यांनी यंत्र लावलं, औषधं दिली, स्ट्रेचर उचललं. त्यांचे चेहरे ताईला वाचता येत होते. बायकोबरोबर कोणीच नव्हतं, मुलगा परगावी. म्हणून ताई ॲम्ब्युलन्समध्ये बसली. दार लावणार तोच धाकटीही चढली. हातात माईक तसाच होता, त्याची तुटलेली वायर खाली लोंबत होती.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी दहा मिनिटांत सांगितलं. जे सांगायचं होतं ते ताईला लाँचवरच कळलेलं होतं. धाकटीला हुंदका आवरेना. मास्तरांच्या बायकोनंच तिच्या पाठीवरून हात फिरवला. "तुम्ही नका रडू हो. तुम्ही फार छान बोलत होता. मी सगळं ऐकलं." मग ती ताईकडे वळली. "मुलगा संध्याकाळी येईल. त्याला हे असे दिसायला नकोत. सदरा फाटलाय, केस विस्कटलेत. मला हात लावायचा धीर होत नाही. तुम्ही कराल?"

"करते," ताई म्हणाली.

नर्सनं कोमट पाणी आणि टॉवेल दिला. ताईनं बाह्या सारल्या. चेहरा पुसला, कानांमागे पुसलं, ओठांच्या कडा पुसल्या. हनुवटी खाली पडत होती, तिथे टॉवेलची घडी करून लावली. केस ओले करून भांग पाडला, मग बायकोला विचारलं, "डावीकडे की उजवीकडे?" उजवीकडे, ती म्हणाली. ताईनं पुन्हा पाडला. फाटलेल्या सदऱ्यावर कोट ओढून गळ्यापर्यंत बटणं लावली. हातांची बोटं सरळ केली, एकेक करून, घाई न करता. धाकटी दाराशी उभी राहून बघत होती. रडायचं थांबली होती.

नंतर दोघी बाहेर बाकावर बसल्या. समोर भिंतीला फिकट हिरवा रंग होता आणि एक घड्याळ होतं, दोन वाजून गेलेले.

"आईचं असंच केलंस?" धाकटीनं विचारलं.

"हो."

"एकटीनं?"

"शेजारणीनं पाणी तापवून दिलं. कूस बदलायला तीच आली. बाकी मीच."

"माझ्यासाठी थांबायचंस."

"तू बसमध्ये होतीस. चौदा तास. अंग आखडतं गं नंतर. बोटं सरळ होत नाहीत."

धाकटीनं आपल्याच बोटांकडे बघितलं. "मी आले तेव्हा ती झोपल्यासारखी दिसत होती. वेणी घातलेली. मला वाटलं, आपोआपच तशी... मग तू त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"तू तेवढंच विचारलंस, वाटतंय का. नव्हतं वाटत. खोटं कशाला बोलायचं?"

"आणि नंतर?"

"नंतरही नाही. मी वाट बघितली. कोणी म्हणालं सहा महिन्यांनी येतं, कोणी म्हणालं वर्षानं. मला वाटलं, एखाद्या दिवशी जिन्यात वगैरे येईल. नाही आलं."

"आत्ता? त्या मास्तरांचं?"

ताईनं प्रामाणिकपणे शोधलं. "हात दुखतायत," ती म्हणाली. "दंडापासून मनगटापर्यंत."

धाकटीनं तिचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला आणि मनगटापासून वर दाबत गेली. ताईनं घेऊ दिला. सुख वाटलं असंही नाही. दुखणं जरा हललं, इतकंच.

"एक सांगायचंय," ताई म्हणाली. "लोखंडी पुलावर आई नसायची. तिची सकाळची पाळी असायची. तुला मी न्यायचे."

धाकटीचा हात थांबला. "नाही गं. मला चांगला आठवतो तो हात. खरखरीत होता."

"मी नऊ वर्षांची होते. घरची भांडी घासायचे. थंडीत बोटं फुटायची."

धाकटी समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. मग तिनं मांडीवरचा हात उलटा करून तळवा बघितला, आणि पुन्हा दाबायला लागली. मास्तरांचा मुलगा येईपर्यंत दोघी तिथेच होत्या. त्यानं आभार मानले, वही मागितली. ती लाँचवरच राहिली होती, सुकाणूवाल्यानं दुसऱ्या दिवशी पोचती केली.

मॅनेजरनं दोघींना आठवडाभर सुट्टी देऊ केली. ताई दुसऱ्याच दिवशी साडेनऊला नगरभवनाशी उभी होती. घरी बसून करायचं काय, हा प्रश्न होताच. धाकटी तीन दिवसांनी आली. पुलाखालून जाताना तिनं किस्सा सांगितलाच नाही. पुलाची लांबी सांगितली, कोणत्या साली बांधला ते सांगितलं, आणि पुढे गेली. एका प्रवाशानं तक्रार केली, की मागच्या खेपेला काहीतरी आईबद्दल होतं, ते का काढलं? ती म्हणाली, "त्यात चूक होती."

त्यानंतरच्या सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, ती ताईच्या घरी आली. तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. आतली खोली सहा वर्षं तशीच होती. ताईनं ती मुद्दाम जपली होती, असं कोणाला वाटलं तर ते खोटं. बाहेरच्या खोलीत भागत होतं, म्हणून आतल्या खोलीचं दार उघडायचं कारण पडलं नव्हतं. दोघींनी मिळून कपाट रिकामं केलं. कपडे, चादरी, औषधांच्या बाटल्या, गरम पाण्याची रबरी पिशवी. आईचा स्वेटर हातात आल्यावर धाकटी मटकन खाली बसली आणि रडली, अगदी लहान मूल रडतं तशी. ताईनं जाऊन चहा टाकला. दोन कप घेऊन आली, एक तिच्याजवळ ठेवला आणि तिचं होईपर्यंत शेजारी बसून राहिली.

डोळे पुसून धाकटीनं वर बघितलं. "तुला?"

"नाही."

"बरं," धाकटी म्हणाली. चहाचा घोट घेतला आणि विचारलं, "झाडू कुठंय?"

तेव्हापासून ती दर सोमवारी येते. कधी भाचीला घेऊन येते, कधी नुसती वाटाण्याच्या शेंगा घेऊन येते आणि बसल्या बसल्या दोघी सोलतात. बोलणं होतं ते गुडघ्यांचं, भाचीच्या परीक्षांचं, मॅनेजरच्या नव्या कल्पनांचं. ताई आता आतल्या खोलीत झोपते, तिथे सकाळी उजेड चांगला येतो. आधी ताई म्हणायला धाकटीची जीभ अडखळायची. एकदा बाजारात गर्दीत तिनं लांबून "ए ताई" अशी हाक मारली, तेव्हा चार बायका वळल्या आणि ताई वळलीच नाही. घरी आल्यावर ह्यावरून दोघी हसल्या. म्हणजे धाकटी हसली, ताईनं तोंड जरा वाकडं केलं. पण धाकटी म्हणते की ते हसणंच होतं, मला ओळखू येतं.

ह्या थंडीत लाँच दुरुस्तीला काढली. तीन आठवडे जोडफेरी बंद, फक्त पायी फेरी चालू. पहिल्याच दिवशी ताई नगरभवनाशी डोकी मोजत होती, तर मागच्या रांगेत स्कार्फ गुंडाळून धाकटी उभी.

"तुझं काय काम इथं?" ताईनं विचारलं.

"इतके महिने तू माझं ऐकलंस. मी तुझं कधी ऐकलंच नाही."

"त्यात ऐकण्यासारखं काही नाही."

"ते मी ठरवते. चल, माणसं गारठलीत."

ताई निघाली. छापखान्यांची गल्ली झाली, कापडबाजार झाला. धाकटी शेवटच्या माणसाच्या मागे राहून, खिशात हात घालून ऐकत होती. छापखान्यांच्या गल्लीत ताई नेहमीचं बोलून श्वास घ्यायला थांबली होती, तेव्हा कोणीच हसलं नव्हतं. थंडी फार होती. कापडबाजाराच्या टोकाला धाकटीनं हात वर केला. "बाई, एक विचारू? ह्या उजवीकडच्या बोळात काय आहे?"

तो बोळ फेरीत नव्हता. आई अंथरुणाला खिळायच्या आधी होता. तेव्हा ताई भलतीकडे घुसायची ना, त्यातलाच तो. तिनं घड्याळ बघितलं.

"आत एक टोप्या शिवणारा बसायचा," ती लोकांना म्हणाली. "आता आहे की नाही मला ठाऊक नाही. बघायचंय का?"

लोक हो म्हणाले. सगळे तिच्यामागून बोळात शिरले. टोपीवाला नव्हता, त्याच्या दुकानाला शटर लागलेलं होतं, पण शेजारच्या दुकानदारानं त्याची सगळी हकिगत सांगितली आणि ती बरीच लांबली. फेरी धक्क्याशी पोचली तेव्हा पंचवीस मिनिटं उशीर झाला होता.

संध्याकाळी मॅनेजरचा फोन आला, ताई, आज काय झालं? ती म्हणाली, बोळात गेलो होतो. धाकटीनं रात्री जेवताना नवऱ्याला हे सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी येऊन ताईला विचारलं, "काल कसं वाटलं गं?"

ताईनं नेहमीसारखं शोधलं, वेळ घेऊन.

"बोळात ओल फार होती," ती म्हणाली. "मोजे बदलायला हवे होते."

धाकटीनं मान डोलावली. येताना तिनं मोजे आणलेच होते.